वेबसाइटचा खर्च : उचल देण्याआधी कागद करा



ऊसशेतीला जोड म्हणून आपल्यापैकी बऱ्याच घरांत काही ना काही धंदा आहे. कुणाची रोपवाटिका आहे, कुणाचे ठिबकचे दुकान आहे, कुणाच्या घरी महिला गटाचा मसाला होतो, तर कुणी शेतावर पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली आहे. धंदा चार गावांच्या पलीकडे गेला की घरातली तरुण मंडळी म्हणू लागतात, "आता आपली वेबसाइट पाहिजे." त्यांचे म्हणणे चूक नाही. पण वेबसाइटला किती पडतात असे चार ठिकाणी विचारले, तर एकजण दहा हजार सांगतो आणि दुसरा दीड लाख. दोघेही खरे बोलत असतील, पण आपण ते पारखायचे कसे?

विहिरीचे काम आपण काठावर उभे राहून पाहतो. किती फूट खोदले, किती ब्रास मुरूम निघाला, हे मोजता येते. वेबसाइटचे काम कारागीर कुठेतरी खोलीत बसून करतो. आपल्याला दिसतो तो फक्त मोबाईलचा पडदा. म्हणून आपण त्याच्या शब्दावर चालतो, आणि इथेच घोडं पेंड खातं.

हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, पैसे मोजून शिकलो. आम्ही म्हणजे दोघे भाऊ आणि घरची मंडळी. आमची उसाच्या रोपांची वाटिका आहे. आम्हां दोघांना संगणकातले काही कळत नव्हते, आजही कळत नाही. तरी पहिल्या खेपेला आम्ही फसगत करून घेतली आणि दुसऱ्या खेपेला काम ठरल्या पैशांच्या आसपास पार पडले. मधल्या काळात आम्हाला तंत्र आले नाही, फक्त कागद करायची सवय लागली. ती कशी लागली, हे सभासदांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आमचे काय चुकले

२०२१ सालापर्यंत आमची सगळी नोंदणी फोनवर चाले. आडसालीच्या आधी, एप्रिल ते जून, इतके फोन येत की एकाच तारखेला तिघांना रोपे कबूल होत. रोप काही एका दिवसात तयार होत नाही. डोळा ट्रेमध्ये लावल्यापासून महिनाभर तरी जातो. तेव्हा उसाची जात, तारीख आणि रोपांची संख्या शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून स्वतःच नोंदवावी, एवढ्यासाठी वेबसाइट करायचे ठरले.

तालुक्याच्या गावी एक होतकरू मुलगा हे काम करीत असे. तो म्हणाला, "काका, पस्तीस हजारांत सगळं करून देतो. तुम्ही टेन्शन घेऊ नका." आम्ही टेन्शन घेतले नाही, कागदही घेतला नाही. वीस हजार रुपये उचल त्याच दिवशी दिली. 'सगळं' या शब्दात काय काय येते, हे आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

मग एकेक निघत गेले. पाने इंग्रजीत झाली होती. मराठीचे वेगळे पैसे. तारीख निवडायची सोय 'त्यात नव्हती'. पैसे भरायची सोय 'त्यात नव्हती'. शेवटचा हिशेब असा झाला :

मूळ ठरलेले काम : ३५,००० रुपये
मराठी पाने : ६,००० रुपये
तारीख निवडून नोंदणीची सोय : १२,००० रुपये
पैसे भरण्याची सोय : ८,००० रुपये
मोबाईलवर नीट दिसण्यासाठी दुरुस्ती : ५,००० रुपये
नाव व होस्टिंग, पहिले वर्ष : ४,५०० रुपये
एकूण : ७०,५०० रुपये

पस्तीसचे सत्तर झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातली गत. मुलगा लबाड होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्याच्या मनात वेबसाइट म्हणजे पाच पाने होती, आमच्या मनात वेबसाइट म्हणजे नोंदणीची वही होती. दोघांनी शब्द एकच वापरला आणि अर्थ दोन धरले. अर्थ जुळवायला कागद लागतो, तो आमच्यात नव्हता.

पैसे गेले त्याचे एवढे वाईट वाटले नसते. खरा फटका पुढच्या वर्षी बसला. २०२२ च्या मे महिन्यात ऐन नोंदणीत वेबसाइट उघडेना. चौकशी करता कळले की नावाची मुदत संपली आहे. नाव त्या मुलाने स्वतःच्या खात्यावर घेतले होते. तो नोकरीसाठी शहरात गेलेला, जुना फोन बंद. नावे विकणाऱ्या कंपनीकडे आम्ही पत्रे पाठवली. उत्तर आले की आमच्या दप्तरी तुमचे नाव नाही. महिनाभर हेलपाटे झाले. ऑगस्टात पाहतो तो नाव भलत्याच कुणीतरी घेतलेले. आमच्या टेम्पोवर, पत्रकांवर, वाटिकेच्या फलकावर मात्र तेच नाव रंगवलेले.

त्याहून वाईट म्हणजे, आगाऊ रक्कम भरलेल्या साठ-पासष्ट शेतकऱ्यांची यादी त्या वेबसाइटवरच होती. रोख देणाऱ्यांचीही नोंद सूनबाई तिथेच करीत. जी रक्कम मोबाईलवरून आली होती, ती बँकेच्या उताऱ्यावरून जुळवली. रोखीचे काय? शेवटी वाटिकेच्या दारात फळी लावली : ज्यांनी पैसे भरले असतील त्यांनी येऊन सांगावे, सांगतील तेवढे खरे धरले जाईल. लोक आले, आणि कुणी जादा सांगितल्याचे आम्हाला आढळले नाही. एक वयस्कर पाव्हणे तर म्हणाले, "माझे दोन हजार न्हवते, दीडच होते. तुम्ही जादा धरलंय." त्या दिवशी आमची अब्रू राखली ती शेजाऱ्यांच्या सचोटीने. दरवेळी दुसऱ्याच्या सचोटीवर धंदा उभा करता येत नाही, हे ध्यानात घेऊन आम्ही पुढच्या वर्षी नव्याने कामाला लागलो.

वेबसाइट म्हणजे आपण काय विकत घेतो

वेबसाइट ही एक वस्तू नसून तीन वस्तू आहेत. त्या वेगळ्या ओळखल्या की निम्मा खर्च आपोआप हाती येतो.

पहिली वस्तू नाव, म्हणजे डोमेन. हा वेबसाइटचा सात-बारा समजावा. नाव कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी १ ते १० वर्षांपर्यंत नोंदवता येते आणि मुदतीआधी नूतनीकरण करावे लागते. आपल्या देशातील 'डॉट इन' नावांची व्यवस्था निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था पाहते. 'डॉट भारत' असा देवनागरी शेवट असलेली नावेही २०१४ पासून मिळतात. नावाचा वार्षिक खर्च साध्या नावाला फार नसतो, पण किंमत थोडी म्हणून महत्त्व थोडे समजू नये. 'डॉट कॉम' नावाची मुदत संपून ते खारीज झाले, तर सोडवून घ्यायला ३० दिवस मिळतात. त्यासाठी जबर आकार पडतो, आणि सोडवण्याचा हक्क ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच असतो. म्हणून नोंदीत मालक म्हणून आपले नाव, आपला मोबाईल आणि आपला ईमेल असला पाहिजे. कारागिराचा नव्हे.

दुसरी वस्तू जागा, म्हणजे होस्टिंग. वेबसाइट ज्या संगणकावर चोवीस तास ठेवलेली असते त्याचे हे भाडे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा सवलतीचा असतो आणि दुसऱ्या वर्षी तो बराच चढतो. म्हणून दर विचारताना 'नूतनीकरणाला किती?' हेच आधी विचारावे.

तिसरी वस्तू बांधकाम, म्हणजे पाने, नोंदणीची सोय, पैसे भरण्याची सोय. कारागिराची मजुरी खरी इथे आहे, आणि खर्च वाढतो तोही इथेच.

पहिल्या दोन वस्तूंचे पैसे आपण थेट त्या कंपनीला आपल्या खात्यावरून भरावेत व पावती आपल्या नावे घ्यावी. कारागिराला द्यायचे ते तिसऱ्या वस्तूचे. आम्ही पहिल्या वेळी तिन्ही एकाच मुठीत दिल्या, तिथेच फसलो.

आधी गरज तपासावी

दर विचारण्यापूर्वी घरात बसून एक प्रश्न सोडवावा : वेबसाइटने नेमके कोणते काम करायचे? नुसता पत्ता, फोन आणि दर लोकांना कळावा एवढेच असेल, तर गुगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद फुकट करता येते. व्हॉट्सॲपचे व्यवसायासाठीचे ॲप २०१८ सालापासून मिळते, त्यात मालाची चित्रे व दर लावता येतात. तेही लहान धंद्याला फुकट आहे. जिथे बैलाने भागते तिथे ट्रॅक्टर घेऊ नये. एक हंगाम असा काढून पाहावा, कोणते काम या फुकटच्या साधनांनी होत नाही ते वहीत लिहावे, आणि तेवढ्यासाठीच वेबसाइट करावी.

आमच्या वहीत दोनच गोष्टी उरल्या : तारखेप्रमाणे शिल्लक रोपे दिसणे, आणि आगाऊ रकमेची पावती निघणे. पहिल्या वेळी केलेली बातम्यांचे पान, हलती चित्रे, कुटुंबाचा इतिहास ही सगळी कामे दुसऱ्या वेळी आम्ही सरळ गाळली. गाहाळ काही झाले नाही.

दोन पानांचा कागद

२०२३ साली आम्ही कुणालाही भेटण्याआधी सूनबाईंकडून दोन पाने लिहून घेतली. त्यात तंत्राचा एक शब्द नव्हता. ज्याला मराठी वाचता येते त्याला हा कागद करता येतो. त्यातील मुद्दे असे होते :

१. वेबसाइट कोण वापरणार : बहुतेक शेतकरी, साधा मोबाईल, शेतात रेंज कमी. म्हणून पाने हलकी व मराठीत हवीत.

२. वापरणारा काय करील : जात निवडील, तारीख निवडील, संख्या भरील, आगाऊ रक्कम देईल, पावती मिळवील.

३. आम्ही काय करू : दर बदलू, शिल्लक रोपे बदलू, नोंदणीची यादी कागदावर काढू. यासाठी दरवेळी कारागिराला बोलवावे लागू नये.

४. काय नको : हलती चित्रे, बातम्या, इंग्रजी पाने.

५. मजकूर, दर व छायाचित्रे आम्ही देऊ, अमुक तारखेपर्यंत.

६. काम कधी पुरे झाले म्हणायचे : पाच शेतकरी आमच्या मदतीशिवाय नोंदणी करू शकले म्हणजे.

हा कागद चार ठिकाणी दिला आणि त्यावरच दरपत्रके मागवली. आता दर तुलना करण्यासारखे आले, कारण चौघांनी एकाच कामाचा दर दिला होता. पहिल्या वेळी आम्ही नुसते 'वेबसाइटचे किती?' विचारले होते. ते म्हणजे 'घराला किती पडतात?' असे विचारण्यासारखे झाले.

पाचव्या मुद्द्याविषयी आमचीच चूक कबूल करतो. काम सुरू झाल्यावर आम्ही दरपत्रक व छायाचित्रे वेळेवर दिली नाहीत. तीन आठवडे काम आमच्यामुळे खोळंबले. कारागिराचे उशीर आपण मोजतो, तसे आपलेही मोजावेत.

दरपत्रक कसे वाचावे

पहिले पाहावे ते काम उक्ते आहे की तासावर. उक्ते म्हणजे ठरल्या कामाला ठरलेली रक्कम. तासावर म्हणजे ट्रॅक्टरसारखे मीटर चालू. काम कागदावर स्पष्ट लिहिलेले असेल तर पहिले काम उक्तेच द्यावे. पुढची किरकोळ दुरुस्ती तासावर चालेल, पण महिन्याला अमुक तासांच्या वर विचारल्याशिवाय जाऊ नये, असे लिहून घ्यावे.

दुसरे, जीएसटी दरात आहे की वेगळा? अशा सेवांवर १८ टक्के कर असतो. पन्नास हजारांवर ते नऊ हजार होतात. आणि कारागिराची जीएसटी नोंदणीच नसेल, तर त्याला तो कर आपल्याकडून घेता येत नाही.

तिसरे, प्रत्येक ओळीला 'हे कशाचे?' असे विचारावे. उदाहरणार्थ, पत्त्याच्या शेजारी दिसणारे कुलूप. त्यासाठी प्रमाणपत्र लागते हे खरे, पण लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ सालापासून अशी प्रमाणपत्रे फुकट देते, आणि लहान वेबसाइटला ती पुरतात. त्यासाठी दरसाल हजारो रुपये लावले असतील तर कारण विचारावे. तसेच, पुष्कळ वेबसाइटी वर्डप्रेस या २००३ साली निघालेल्या मोफत प्रणालीवर बांधतात. प्रणालीचे पैसे नसतात. मात्र तिला जोडलेले काही भाग दरसाल पैसे भरून घ्यावे लागतात. असे भाग कोणते, किती पैशांचे आणि कुणाच्या नावावर, याची यादी मागावी.

चौथे, पैसे भरण्याची सोय. ती देणारी कंपनी प्रत्येक व्यवहारामागे काय कापते, कार्डाला किती, यूपीआयला किती, हे दरपत्रकात लिहून घ्यावे. ही कपात कारागिराकडे जात नाही, पण आपल्या खिशातून जाते.

पाचवे, कायद्याने लागणारा मजकूर. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे ऑनलाईन विक्री करणाऱ्याने आपले नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव वेबसाइटवर दाखवायचे असते. हे पान मूळ कामातच धरावे, म्हणजे मागाहून 'त्यात नव्हते' होत नाही.

सर्वांत कमी दर घ्यावाच असे नाही. आम्ही चौघांपैकी तिसऱ्या क्रमांकाचा दर घेतला, कारण त्याने आधी केलेल्या दोन धंदेवाल्यांचे पत्ते दिले आणि आम्ही जाऊन भेटलो. भेटल्यावर एकच प्रश्न विचारला : "काम झाल्यावर तो फोन उचलतो का?"

पैसे हप्त्याने, डोळ्यांनी पाहून

तोडणीच्या मुकादमाला सगळी उचल आधी देऊन टोळीची वाट पाहत बसण्याचा अनुभव आपल्या भागात नवा नाही. वेबसाइटलाही तोच न्याय. ४८,००० रुपये, कर धरून, असे ठरल्यावर हप्ते आम्ही असे पाडले :

काम सुरू करताना : ९,६०० रुपये
पाने तात्पुरत्या पत्त्यावर आमच्या मोबाईलवर दिसल्यावर : १४,४०० रुपये
पाच शेतकऱ्यांनी चाचणी नोंदणी केल्यावर : १४,४०० रुपये
वेबसाइट महिनाभर चालून सर्व किल्ल्या हाती आल्यावर : ९,६०० रुपये

यातला एकही हप्ता 'काम निम्मे झाले' अशा शब्दांवर नाही. निम्मे म्हणजे किती, हे आपल्याला कळत नाही. पण पान उघडले की नाही, पावती निघाली की नाही, हे कुणालाही कळते.

चाचणीच्या दिवशी आम्ही पाच शेतकऱ्यांना वाटिकेत बोलावले, चहा दिला, आणि मोबाईल त्यांच्या हाती देऊन गप्प बसलो. पाचांपैकी तिघे तारखेपाशी अडले. कारागीर शेजारी उभा होता, त्याने डोळ्यांनी पाहिले. वाद झाला नाही, दुरुस्ती झाली, आणि ती मूळ रकमेतच झाली.

'किल्ल्या' म्हणजे काय तेही लिहावे : नावाच्या खात्याचा, जागेच्या खात्याचा आणि वेबसाइटच्या आतल्या कारभाराचा परवलीचा शब्द, संपूर्ण वेबसाइटची एक नक्कल, म्हणजे बॅकअप, आणि नोंदणीची यादी कागदावर काढण्याची पद्धत. शिवाय मालकीचे एक वाक्य लिहून सही घ्यावी. कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या कारागिराने केलेल्या कामाचा पहिला हक्क, करार नसेल तर, साधारणपणे त्याचाच असतो. नुसते पैसे दिल्याने तो आपला होत नाही. हक्क लेखी द्यावा लागतो. त्या लेखात मुदत घातली नसेल तर कलम १९ प्रमाणे तो फक्त ५ वर्षांसाठी दिला असे धरतात. म्हणून 'कायमचा' हा शब्द विसरू नये. रक्कम मोठी असेल तर वकिलाकडून कागद पाहून घ्यावा.

वाढीव कामाची चिठ्ठी

काम चालू असताना नवीन कल्पना सुचतातच. धाकट्या भावाला मध्येच वाटले की खतांचा सल्लाही वेबसाइटवर असावा. फोनवर 'एवढं जरा बघा' म्हणायचा मोह झाला. असले 'एवढं जरा' मिळूनच आमचे पस्तीसचे सत्तर झाले होते. म्हणून नियम केला : वाढीव काम तोंडी सांगायचे नाही. काय हवे, किती रुपये, किती दिवस, एवढे तीन ओळींत लिहून दोघांनी मान्य करायचे, व्हॉट्सॲपवर लिहिले तरी चालेल. आणि घरातून सांगणारे माणूस एकच. आमच्याकडे ते काम सूनबाईंकडे दिले.

लिहायला बसले की निम्म्या कल्पना आपोआप गळतात. खताचा सल्ला गळला. एकच चिठ्ठी झाली, पावतीवर ट्रेंची संख्या छापण्याची, ४,००० रुपयांची. काम ५२,००० रुपयांत पुरे झाले.

काम लांबले तर काय करावे? तोडणी मागे पडली की आपण दुसरी टोळी लावतो आणि काम उरकते. वेबसाइटचे तसे नाही. अमेरिकेतील फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएम कंपनीत मोठ्या संगणक प्रणालीचे काम सांभाळले होते. १९७५ साली 'द मिथिकल मॅन-मंथ' या पुस्तकात त्यांनी मांडले की उशीर झालेल्या अशा कामावर माणसे वाढवली तर ते आणखी लांबते, कारण नव्या माणसाला समजावण्यात जुन्याचा वेळ जातो. म्हणून 'अजून दोन मुलं लावतो, थोडे वाढवून द्या' असे कुणी म्हटले तर घाई करू नये. पैसे वाढवण्याऐवजी काम कमी करावे. हंगामाला जे लागते ते आधी सुरू करावे, बाकीचे मागाहून.

खोडव्याचा खर्च

लागणीचा खर्च सगळे धरतात, खोडव्याचा कुणी धरत नाही. वेबसाइटचेही तसेच आहे. आमचा सध्याचा वार्षिक खर्च नावाला ९००, जागेला ४,८०० आणि देखभालीला ६,००० असा ११,७०० रुपये आहे. पाच वर्षांचे ५८,५०० होतात, म्हणजे मूळ बांधकामापेक्षा जास्त. दोन्ही मिळून १,१०,५००, आणि वर्षाला सरासरी २२,१०० रुपये.

हा आकडा आपल्या मालात बदलून पाहावा. आमचा एका रोपामागे निव्वळ नफा ५० पैसे धरला, तर २२,१०० रुपये फिटायला ४४,२०० जादा रोपे खपली पाहिजेत. पाच फूट बाय दोन फूट अंतराने एकराला ४,३५६ रोपे लागतात, म्हणजे ही सुमारे दहा एकरांची रोपे झाली. दरसाल दहा एकरांचे नवे गिऱ्हाईक वेबसाइटमुळे येत असेल तर ती ठेवावी, नाहीतर व्हॉट्सॲप बरे. प्रत्येकाने आपापल्या धंद्याचा हा हिशेब उचल देण्याआधी मांडावा.

देखभालीत काय येते तेही लिहून घ्यावे. आमच्या कागदात तीन कामे आहेत : प्रणाली अद्ययावत ठेवणे, दर आठवड्याला नक्कल काढणे, आणि बिघाड झाल्यास दोन दिवसांत पाहणे. याखेरीज आम्ही स्वतः दर शनिवारी नोंदणीची यादी कागदावर काढून वहीत चिकटवतो. नावाच्या मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे, वीज बिलाच्या शेजारी. कुणी हसले तरी हसू द्यावे. २०२२ चा मे महिना आम्ही विसरलेलो नाही.

असो. आपण कारखान्याच्या काट्यावर वजनाची पावती घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही. काटा कसा बनवतात हे आपल्याला ठाऊक नसते, पण पावती वाचता येते. वेबसाइटचेही तसेच आहे. कोड वाचता आला नाही तरी चालेल. कागद वाचता आला पाहिजे, आणि त्याआधी तो केलेला पाहिजे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या धंद्यातील कोणते एक काम वेबसाइटशिवाय अडते? ते एका वाक्यात लिहा.

२. आधीच वेबसाइट असलेल्या सभासदांनी पाहावे : नावाची नोंद कुणाच्या नावे आहे? मुदत कधी संपते?

३. वेबसाइट उद्या बंद पडली तर गिऱ्हाइकांची यादी आपल्या हाती आहे काय?

४. पाच वर्षांचा खर्च आपल्या मालाच्या किती नगांइतका होतो?

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांना लगेच देता येणार नाही, त्यांनी हा अंक खाली ठेवून आधी तेवढे पाहून घ्यावे, ही विनंती.